फिलाडेल्फियाच्या ब्लॅकस्टार महोत्सवासाठी मराठी चित्रपट कसा तयार करावा

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात दरवर्षी जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या आरंभी ब्लॅकस्टार चित्रपट महोत्सव भरतो. माओरी कार्मेल होम्स यांनी तो २०१२ मध्ये सुरू केला. काळ्या समाजाचे नेते मार्कस गार्वी यांनी १९१९ मध्ये काळ्या भागधारकांच्या पैशांवर ब्लॅक स्टार लाइन ही जहाज कंपनी उभी केली होती, आणि महोत्सवाने आपले नाव त्या कंपनीवरून घेतले. काळे, तपकिरी वर्णाचे आणि आदिवासी असे जगभरचे स्वतंत्र चित्रपटकर्ते हा या महोत्सवाचा गाभा आहे. येथे चित्रपट कोणाविषयी आहे एवढे पाहून भागत नाही. तो कोणी केला आणि कोणत्या जागी उभे राहून केला, हा प्रश्न तितक्याच गांभीर्याने विचारला जातो.

मराठी चित्रपटकर्त्याला हा महोत्सव परका वाटण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील काळ्या समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाविषयी विचारणा केली होती, आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले होते. हे नाते जुने असले, तरी त्याच्या आधारावर कोणाचा चित्रपट निवडला जात नाही. मराठीत विचार केलेला आणि मराठीत बोलणारा चित्रपट मराठी न जाणणाऱ्या माणसापर्यंत पोहोचेपर्यंत त्यातले बरेच काही गळून पडते, आणि माझ्या पाहण्यात अनेक चांगले लघुपट या गळतीमुळेच मागे राहिले आहेत. म्हणून या लेखात अर्ज भरण्यापेक्षा त्याआधीच्या तयारीवर अधिक भर दिला आहे.

आपला चित्रपट येथे शोभतो का, हे आधी ठरवावे

वर्णाने अल्पसंख्य असलेल्या चित्रपटकर्त्यांचे महोत्सव अमेरिकेच्या अनेक शहरांत भरतात, पण ते सगळे एकसारखे नाहीत. लॉस एंजेलिसचा पॅन आफ्रिकन महोत्सव १९९२ पासून आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या चित्रपटांसाठी चालतो आणि मराठी लघुपटाची ती जागा नव्हे. न्यू यॉर्कचा एशियन अमेरिकन इंटरनॅशनल महोत्सव १९७८ पासून आशियाई आणि आशियाई-अमेरिकन चित्रपट दाखवतो. सिएटलची ‘तस्वीर’ ही संस्था दक्षिण आशियाई चित्रपटांसाठी काम करते, तर लॉस एंजेलिसचा इंडियन फिल्म फेस्टिव्हल २००३ पासून भारतीय चित्रपटांना वाहिलेला आहे. कौटुंबिक विनोदी कथापट किंवा तारकांकित मराठी चित्रपट हाताशी असेल, तर या शेवटच्या दोन ठिकाणी त्याला आपला प्रेक्षक अधिक सहज मिळेल.

ब्लॅकस्टारचा कल वेगळा आहे. प्रयोगशील मांडणी, माहितीपट आणि कथापट यांच्या सीमेवरचे काम, समाजाच्या आतून केलेले चित्रण आणि लघुपट यांना तेथे मान आहे. महोत्सवामागची संस्था २०२० पासून ‘सीन’ नावाचे नियतकालिकही काढते, आणि त्याचे काही लेख वाचले तर निवड करणाऱ्यांची दृष्टी समजू लागते. मागील दोन-तीन वर्षांची निवड-यादी उघडून त्यातील पाच-सहा लघुपट शोधून पाहावेत. एवढा वेळ काढला, तर पुष्कळदा अर्जाचे शुल्क वाचते.

पात्रतेविषयी एक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी. दक्षिण आशियाई माणूस अमेरिकेत तपकिरी वर्णाचा मानला जातो, त्यामुळे महाराष्ट्रातील कोणत्याही जातीचा दिग्दर्शक त्या व्याख्येत बसू शकतो. परंतु आपल्या गावात ज्याच्या घराला कधीच कोणी अडवले नाही, त्याने फिलाडेल्फियात जाऊन केवळ वर्णाच्या आधारे स्वतःला वंचित म्हणवून घेणे प्रामाणिक नाही. नंदुरबार किंवा गडचिरोली येथील आदिवासी दिग्दर्शकाने आपली ओळख निःसंकोच आणि पूर्णपणे सांगावी. इतरांनी आपण कोठून पाहतो आहोत ते सांगावे, आणि चित्रपट दुसऱ्या समाजाविषयी असेल, तर त्या समाजातील कोण त्याच्या निर्मितीत निर्णयाच्या जागी होते हे नावानिशी लिहावे. हा प्रश्न तेथे विचारला जातोच.

प्रीमियरचा क्रम आधी ठरवावा, मग लिंक कोणालाही द्यावी

चित्रपट पूर्ण झाल्याच्या आनंदात तो यूट्यूबवर टाकला जातो आणि तेथेच अनेक महोत्सवांची दारे बंद होतात. जागतिक प्रीमियर, उत्तर अमेरिकेतील प्रीमियर, अमेरिकेतील प्रीमियर आणि त्या शहरातील प्रीमियर अशा उतरत्या पायऱ्या असतात, आणि वरची पायरी एकदा खर्च झाली की परत मिळत नाही. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाचा जागतिक प्रीमियर जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात झाला आणि जागतिक कथापट विभागाचे परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. तेथवर पोहोचायचे असेल, तर चित्रपट आधी कोठेही प्रदर्शित न करण्याची शिस्त लागते. लघुपटांबाबत हे नियम सहसा सैल असतात, तरीही कोणता महोत्सव आधी आणि कोणता नंतर हे कागदावर लिहून ठेवावे. प्रत्येक महोत्सवाची अंतिम मुदत, निकालाची तारीख आणि प्रदर्शनाची तारीख एका तक्त्यात मांडली की दोन तारखा कोठे आदळतात ते चटकन दिसते.

महोत्सव ऑगस्टच्या सुमारास असल्याने प्रवेशिका कित्येक महिने आधी मागवल्या जातात. शुल्क डॉलरमध्ये असते आणि मुदत जवळ येत जाते तसे ते वाढते. ज्यांना ते परवडत नाही, त्यांनी पहिल्या मुदतीच्या बरेच आधी आयोजकांना चार-सहा ओळींचे सभ्य पत्र लिहून सवलतीची विनंती करावी. चित्रपटाचे नाव, लांबी, विषयाची एक ओळ आणि सवलत का हवी त्याचे खरे कारण एवढे त्यात पुरे होते. शेवटच्या दिवशी केलेली अशी विनंती क्वचितच मान्य होते.

सबटायटल म्हणजे चित्रपटाची दुसरी संहिता

या कामाला सर्वाधिक वेळ द्यावा. आपल्याकडे संकलन, रंगसंस्करण आणि ध्वनिमिश्रण आटोपले की उरलेल्या दोन दिवसांत इंग्रजी येणारा एखादा मित्र सबटायटल करून देतो. निवड समितीतला माणूस मात्र आपला चित्रपट बहुतांशी त्या दोन ओळींतूनच ऐकतो. वीस मिनिटांच्या लघुपटासाठी निदान दोन आठवडे राखून ठेवावेत, असा माझा आग्रह आहे.

सुरुवात शब्दशः भाषांतराने करू नये. आधी प्रत्येक संवादापुढे त्या वाक्याचे काम काय आहे ते मराठीतच लिहावे. पात्र येथे टोमणा मारते आहे, की माघार घेते आहे, की समोरच्याला त्याची पायरी दाखवते आहे? हे काम इंग्रजी ओळीने केले पाहिजे, मग शब्द वेगळे आले तरी चालतील. एका ओळीत सुमारे चाळीस अक्षरे आणि एका वेळी दोनच ओळी ही मर्यादा पाळावी. ओळ पडद्यावर किमान एक सेकंद आणि जास्तीत जास्त सहा-सात सेकंद राहावी, आणि दृश्य बदलते तेथे शक्यतो ओळही संपावी. पांढऱ्या धोतराच्या किंवा उन्हाने भाजलेल्या माळरानाच्या चौकटीवर पांढरी अक्षरे वाचता येत नाहीत, म्हणून अक्षरांना काळी कड द्यावी.

खरी अडचण मात्र संबोधनांची असते. मराठीत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर घसरलेला सरपंच एका अक्षरात आपली सत्ता दाखवतो, आणि नवऱ्याला ‘अहो’ म्हणणारी बाई एखाद्या क्षणी त्याचे नाव उच्चारते तेव्हा प्रेक्षागृहात शांतता पसरते. इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी एकच सर्वनाम उरते. अशा जागी फरक दुसऱ्या मार्गाने आणावा लागतो. आधीच्या ओळीत आदरार्थी संबोधन ठेवून पुढच्या ओळीत नुसते नाव येऊ द्यावे, किंवा आधीचे लांब सौजन्यपूर्ण वाक्य पुढे तुटक आज्ञेत बदलावे. आत्या, मावशी, काकू आणि मामी यांना सरसकट एकच इंग्रजी शब्द लावला, तर वारसाहक्कावरच्या कथेचा कणाच मोडतो. नाते कथेसाठी महत्त्वाचे असेल, तर पहिल्या वेळी वडिलांची बहीण असे सांगून पुढे मूळ मराठी शब्द रोमन लिपीत ठेवावा.

‘जय भीम’चे भाषांतर नमस्कारवाचक शब्दाने कधीही करू नये. तो शब्द जसाच्या तसा ठेवावा, कारण तो उच्चारणाऱ्या माणसाने त्यात आपला इतिहास सांगितलेला असतो, आणि ब्लॅकस्टारच्या प्रेक्षकाला अशा अभिवादनाचे वजन समजते. आडनावांचेही तसेच आहे. आपल्याला आडनाव ऐकताच पात्राची जात कळते, तेथील प्रेक्षकाला कळत नाही. कथा त्या आडनावावर उभी असेल, तर चित्रपटात दुसरीकडे कोठेतरी, एखाद्या कृतीतून किंवा वेगळ्या ठेवलेल्या पेल्यातून, तो अर्थ दिसतो आहे ना हे संकलनाच्या टप्प्यावरच तपासावे. सबटायटलमध्ये घुसवलेले स्पष्टीकरण पात्राच्या तोंडी खोटे वाटते.

बोलीविषयी विशेष सावधगिरी हवी. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणारे पात्र प्रमाण मराठी बोलणाऱ्यापेक्षा वेगळे ऐकू यावे म्हणून काही भाषांतरकार त्याच्या तोंडी अमेरिकेतील काळ्या समाजाची इंग्रजी घालतात. हे करू नये. ती त्या समाजाची स्वतःची भाषा आहे, आणि गावंढळपणाची खूण म्हणून तिचा वापर ज्या प्रेक्षकांसमोर होईल, त्यांचाच तो अपमान असेल. बोलीतला गोडवा लहान वाक्ये, ठोस शब्द आणि म्हणींची लय यांतून आणता येतो.

मसुदा तयार झाल्यावर मराठी अजिबात न येणाऱ्या दोन माणसांना चित्रपट दाखवावा. शक्य असेल, तर त्यांपैकी एक भारताबाहेरचा असावा. मध्ये काहीही समजावून सांगू नये, आणि शेवटी त्यांना फक्त कथा सांगायला लावावी. ती जेथे चुकते, तेथे सबटायटल चुकले आहे असे समजावे. शेवटी कर्णबधिर प्रेक्षकांसाठी ध्वनींची नोंद असलेली वेगळी फाइलही करून ठेवावी, कारण सुलभतेची सोय देणारे महोत्सव ती मागतात.

हक्क, संमती आणि गाणी

लग्नाच्या दृश्यात बँडवाल्याने वाजवलेले लोकप्रिय चित्रपटगीत आपल्याला पार्श्वभूमीचा आवाज वाटते, पण कायद्याच्या दृष्टीने ती दुसऱ्याची मालमत्ता आहे. रचनेचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, आणि दोन्हींची लेखी परवानगी लागते. केवळ महोत्सवांपुरती परवानगी घेतली, तर पुढे चित्रपट विकताना पुन्हा पैसे मोजावे लागतात, म्हणून शक्य असेल तेथे गावातल्या भजनी मंडळाकडून पारंपरिक रचना स्वतः ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात आणि गायकांशी मानधनाचा साधा लेखी करार करावा.

माहितीपटात दिसणाऱ्या प्रत्येकाचे संमतिपत्र मराठीत असावे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ते मोठ्याने वाचून दाखवावे आणि त्यांच्या होकाराचे चित्रीकरण करावे. चित्रपट परदेशात आणि इंटरनेटवर दिसू शकतो हे वाक्य त्यात हवेच. अल्पवयीनांसाठी पालकांची सही घ्यावी.

प्रवेशिकेचे साहित्य

परीक्षणासाठी पाठवायची प्रत पासवर्ड असलेल्या खासगी लिंकवर ठेवावी. निकाल लागेपर्यंत तो पासवर्ड बदलू नये आणि लिंकची मुदत संपू देऊ नये. इंग्रजी सबटायटल चित्रातच उमटवलेले असावेत, म्हणजे बटण दाबायचे राहून गेले असे घडत नाही. ही प्रत बहुधा लॅपटॉपवर आणि हेडफोनवर पाहिली जाते, म्हणून तिच्यासाठी स्टिरिओ मिश्रण वेगळे करावे. चित्रपटगृहासाठी केलेले मिश्रण लहान स्पीकरवर लावले की संवाद बुडतात. सुरुवातीला पाच-सहा संस्थांची बोधचिन्हे आणि आभारांच्या पाट्या असतील, तर त्या शेवटी न्याव्यात.

कथासार तीन आकारांत लिहावे: एका वाक्यात, पन्नास शब्दांत आणि दीडशे शब्दांत. शेवट लपवण्याची गरज नाही, कारण समितीला उत्सुकता ताणून धरणारी जाहिरात नको असते. दिग्दर्शकाच्या निवेदनात ‘ही एका संघर्षाची कहाणी आहे’ यासारखी वाक्ये टाळावीत. कोणत्या घटनेतून चित्रपट सुचला, चित्रीकरण कोठे आणि किती दिवस झाले, ज्यांच्यावर तो आहे त्यांनी तो पाहिला का, आणि ही शैली का निवडली, एवढे सरळ लिहिले की पान भरते. जात आणि वर्ण यांची तुलना करायची असेल, तर अत्यंत जपून करावी. दोन्हींत साम्य आहे तसा भेदही आहे, आणि परक्याच्या दुःखाची उसनवारी केल्यासारखे वाटणारे निवेदन चित्रपटाचे नुकसान करते.

छायाचित्रे चित्रपटाच्या चौकटींतून काढलेली, मोठ्या आकाराची आणि निदान तीन असावीत. दिग्दर्शकाचे एक छायाचित्र आणि शंभर शब्दांचा परिचय पुरेसा आहे.

निवड झाल्यानंतर: डीसीपी

चित्रपटगृहात दाखवण्यासाठी डीसीपी नावाचा डिजिटल संच लागतो. येथे आपल्याकडची एक जुनी सवय आडवी येते. दूरचित्रवाणीच्या प्रभावामुळे अनेकजण सेकंदाला २५ चौकटी या गतीने चित्रीकरण करतात, तर चित्रपटगृहांची सर्वमान्य गती २४ आहे. २५ चौकटींचा चित्रपट २४ च्या गतीने चालवला की तो सुमारे चार टक्के लांबतो, म्हणजे वीस मिनिटांचा लघुपट वीस मिनिटे पन्नास सेकंदांचा होतो, आणि आवाजाची पट्टी दुरुस्त केली नाही तर सगळी पात्रे किंचित जड स्वरात बोलतात. माझ्या पहिल्या लघुपटाच्या वेळी हे लक्षात आले ते प्रत्यक्ष प्रदर्शनात, आणि नायिकेचा आवाज ऐकून तिच्या आईने मला विचारले की हिला सर्दी झाली होती का. तेव्हापासून मी पहिल्या दिवसापासून २४ वरच चित्रीकरण करतो.

रुंद चौकटीसाठी २०४८ गुणिले ८५८ आणि साध्या चौकटीसाठी १९९८ गुणिले १०८० हे टू-के डीसीपीचे ठरलेले आकार आहेत. डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत प्रणालीने घरच्या संगणकावरही असा संच तयार करता येतो. मात्र तो खऱ्या चित्रपटगृहात एकदा पूर्ण चालवून पाहिल्याशिवाय पाठवू नये. तालुक्याच्या गावातले एकपडदा चित्रपटगृह सकाळच्या खेळाआधी तासभर मिळू शकते. व्यवस्थापकाला आधी भेटून विनंती करावी. सबटायटल तळाशी कापले जात नाहीत ना, सहाही ध्वनिवाहिन्या योग्य स्पीकरमधून येतात ना आणि अंधारातील दृश्ये दिसतात ना, हे तेथे बसून तपासावे. लघुपटाच्या डीसीपीवर कूटसंरक्षण, म्हणजे ठरावीक वेळेपुरत्या डिजिटल किल्लीनेच उघडणारे कुलूप, शक्यतो ठेवू नये, कारण किल्लीची वेळ चुकली तर ऐन प्रदर्शनाच्या वेळी पडदा काळा राहतो.

व्हिसा आणि प्रवास

निवडीचे पत्र हातात पडताच त्याच दिवशी व्हिसाची भेटवेळ पाहावी. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखतीसाठी बराच काळ थांबावे लागू शकते, आणि निकाल व महोत्सव यांत फार दिवस नसतात. महोत्सवात उपस्थित राहण्यासाठी सहसा बी-१/बी-२ हा अल्पकालीन व्हिसा काढला जातो, आणि त्यावर तेथे मोबदल्याचे काम करता येत नाही. आयोजकांकडून चित्रपटाचे नाव, प्रदर्शनाची तारीख आणि निवासखर्च कोण करणार हे नमूद केलेले निमंत्रणपत्र मागून घ्यावे. व्हिसा न मिळाल्यास चर्चेत ऑनलाइन सहभागी होता येईल का, हेही आधीच विचारून ठेवावे.

फिलाडेल्फियाच्या विमानतळावरून शहराच्या मध्यभागी थेट लोकल गाडी जाते, त्यामुळे टॅक्सीचा खर्च टाळता येतो. डेलावेअर नदीच्या पलीकडे न्यू जर्सी राज्य आहे आणि तेथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. प्रदर्शनाची वेळ जाहीर होताच त्यांच्या मंडळांना कळवावे, पण प्रेक्षागृह केवळ आपल्या माणसांनी भरून टाकण्याचा हट्ट धरू नये. ज्यांच्यासाठी हा महोत्सव उभा राहिला, त्या फिलाडेल्फियाकरांनी चित्रपट पाहावा यासाठीच आपण इतक्या लांब गेलेलो असतो.

प्रदर्शन आणि त्यानंतरची चर्चा

लघुपट चार-सहाच्या गटात दाखवले जातात आणि त्यानंतर सर्व दिग्दर्शकांशी एकत्र चर्चा होते. आपल्या वाट्याला पाच-सात मिनिटे येतात. गटातील इतरांचे चित्रपट लक्ष देऊन पाहावेत आणि चर्चेत त्यांच्याविषयीही बोलावे. इंग्रजी अडखळत असेल, तर मराठीत बोलण्याची मुभा आणि दुभाषा आधीच मागावा. तुटक इंग्रजीत अर्धवट सांगण्यापेक्षा आपल्या भाषेत नेमके सांगणे अधिक आदराचे ठरते. जातीविषयी प्रश्न आला, तर इतिहासाचे व्याख्यान न देता आपल्याच चित्रपटातले एक दृश्य घेऊन त्यात काय घडते आहे ते उलगडून सांगावे.

इतर दिवशी पास घेऊन दुसऱ्यांचे चित्रपट पाहावेत. या शहरात लुई मसाया यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेले स्क्राइब व्हिडिओ सेंटर आजही वस्त्यांतील सामान्य लोकांना चित्रपट करायला शिकवते. आपल्याकडे गावपातळीवर असे काही उभे करू पाहणाऱ्यांनी त्या कामाची माहिती अवश्य करून घ्यावी.

परतल्यावर आठवडाभरात करायची कामे थोडी आहेत. प्रदर्शनाची तारीख नोंदवून प्रीमियरचा तक्ता सुधारावा, डीसीपी हार्ड डिस्कवर पाठवला असेल तर ती परत मागवावी आणि प्रदर्शनाचे लेखी प्रमाणपत्र जपून ठेवावे. महोत्सवातील काही लघुपट-पुरस्कार ऑस्करच्या पात्रतेसाठी ग्राह्य धरले जातात, म्हणून पुरस्कार मिळाला असेल तर अकादमीची त्या वर्षीची मुदत आणि श्रेयनामावलीसह चाळीस मिनिटांची लांबीची मर्यादा लगेच तपासावी. त्यानंतर ज्या गावात चित्रीकरण झाले तेथे, शाळेच्या पटांगणात का होईना, चित्रपट दाखवण्याची तारीख ठरवावी आणि ती सरपंचांना नव्हे, तर चित्रपटात ज्यांनी काम केले त्यांना आधी कळवावी.